मुद्देमाल क्रमांक सतरा

पोलोचिकच्या खोऱ्यातल्या छोट्या कोर्टात
मी दुभाषा.
इकडून केक्ची, तिकडून स्पॅनिश,
मधे माझी जीभ, दोन्ही कडांनी झिजलेली.

पंचनाम्यात लिहिलंय:
कोयते नऊ. पातेली दोन, पैकी एक चेपलेलं.
ताडपत्री, फाटकी.
आणि क्रमांक सतरा,
मक्याची कणसं, पोतं एक, अंदाजे चाळीस किलो.
झोपड्यांवरून ट्रॅक्टर फिरले त्या सकाळपासून
अकरा महिने कोर्टाच्या कोठीत, सीलबंद.
झोपड्यांच्या जागी आता कंपनीचा पाम
कवायतीला उभा असल्यासारखा.

आज एउलालिया तिउल उठली.
जमिनीचं नंतर बघू, म्हणाली,
तो दावा माझ्या नातीलाही पुरून उरेल.
आधी पोतं द्या.

तो पुरावा आहे, न्यायाधीशबाई म्हणाल्या.
तो जिवंत आहे, ती म्हणाली.
मी तसंच सांगितलं.
कारकुनाची बोटं टाइपरायटरवर अडली.

भरपाई देता येईल. चाळीस किलोचा बाजारभाव काय?
मी भाव सांगितला. तिने मान हलवली.
खायचा तो मका. पेरायचा तो इयाह.
शब्दच वेगळा आहे, बाई.
हा बुटका, काळ्या दाण्याचा, वादळात न लोळणारा,
सासूने माझ्या पदरात घातलेला.
आणि वाफसा काही तुमच्या तारखेला थांबत नाही.

पोतं आणलं. सील तुटलं.
आधी सोंडे बाहेर आले, मग पीठ,
मग कणसं, निम्मी पोकळ.
ती जमिनीवर बसली, निवडू लागली,
अंगठ्याने एकेक दाणा दाबून,
आणि कोर्ट, कंपनीच्या वकिलासकट,
तिच्या अंगठ्याकडे बघत राहिलं.

अर्ज नामंजूर. पुढली तारीख ऑगस्टची.
पोतं पुन्हा शिवलं. वजनकाटा बंद होता.
कारकुनाने तिच्या शालीच्या गाठीकडे पाहिलं,
मग माझ्याकडे,
आणि टाइप केलं: अंदाजे चाळीस किलो.

बाहेर चार गावांची माणसं
सकाळपासून टोकणीच्या काठ्या घेऊन बसलेली.
रस्ता आणि कंपनीचं कुंपण यांच्यामध्ये
दोन हातांची पट्टी आहे, कुणाच्याच नकाशात नसलेली.
गाठ सुटली. मुठी पुढे आल्या.

शिपायाने दारातून विचारलं, काय बोलतायत ती?

अंदाजे, मी म्हणालो,
पावसाबद्दल.