लाल रेघेच्या अलीकडे

अमळनेरच्या तेलगिरणीत एकतीस वर्षं
मी बॉयलरचा काटा वाचला.
आता डॉक्टर दंडाला पट्टा गुंडाळून
माझाच काटा वाचतात
आणि मी भिंतीकडे तोंड फिरवतो,
नापास होणार हे ठाऊक असलेल्या पोरासारखा.

"एकशे अठ्ठावन्न. खालचा शहाण्णव.
तिकीट कधीचं, निंबाजी?"
"आठ दिवसांनी. जळगावहून हैदराबाद.
पोरीला पोरगी झाली."

त्यांनी गोळी वाढवली. सहा दिवसांनी या म्हणाले.
गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा,
विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत नको.
पाय हलवत राहा, पाणी प्या,
सर्दी झाली तर दुकानातून मनानं औषध आणू नका.
आणि मीठ—
बाहेर बाकावर कौतिक बसली होती,
तिला ऐकू जावं म्हणून
मीठ हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला.

घरी डबे भरले जात होते पोरीसाठी:
ज्वारीच्या बिबड्या, उडदाचे पापड, कैरीचं लोणचं.
माझ्या वाट्याला दोन केळी.
"तुमले फक्त वास लेवानी परवानगी शे,"
कौतिक म्हणाली, आणि झाकण लावलं.

तिला एक कधी सांगितलं नाही.
सत्त्याऐंशीच्या दिवाळीआधी शेठला वाफ जास्त हवी होती.
व्हॉल्व सारखा फुसफुसायचा.
मी त्याच्यावर तारेनं वीट बांधली
आणि रात्रभर समोर बसून राहिलो,
हात मांड्यांखाली दाबून.
काही फुटलं नाही. सकाळी वीट सोडली,
शेठनं पेढे दिले.
पण ती शांतता अजून अंगावर येते.

गेल्या वर्षी चार महिने
मी गोळ्या बंद केल्या होत्या.
बरं वाटतंय म्हणून.
काहीच ऐकू येत नव्हतं म्हणून.

सहाव्या दिवशी एकशे छत्तीस, चौऱ्याऐंशी.
"जा," डॉक्टर म्हणाले, "नात पाहून या."

विमान लहान, पंखे बाहेर दिसणारे.
जमीन सुटली तसे कानात दडे बसले,
केळीचे मळे तिरपे झाले,
कौतिकनं माझं मनगट धरलं.
नाडी बघायला की भीतीनं, विचारलं नाही.
दडे सुटले तेव्हा डोक्यावर
हवेचा एक गोल झरोका दिसला,
फुसफुसत होता, बारीक, एकसारखा.
मान वर करून मी नीट पाहिलं.
वीट कुणी बांधली नव्हती.