मंगळवारचा सोलो

विट्यात शांतता मंगळवारी मिळते,
दहा ते दोन. वीज नसते, माग बंद.
एरवी भिंतीपलीकडे बारा माग
धोटे फेकत असतात
आणि माझ्या मायक्रोफोनला कान जरा जास्तच आहेत.

इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर. पंखा बंद.
तातोबा गेजगे स्टुलावर बसले,
क्लॅरिनेटची रीड जिभेनं ओली केली, विचारलं,
"बाकीची पार्टी कुठाय?"
म्हटलं, सोलो आहे, काका.
"चाळीस वर्सं झाली, एकट्यानं कधी वाजवलं न्हाई.
चुकलं तर ढोलावर ढकलता येतं की."

मी त्यांना बटण दाखवलं, इंग्रजी एस.
दाबलं की बाकी सगळे ट्रॅक गप्प.
बघत राहिले.
"आमच्या मालकाला दावू नगंस. एकाचाच पगार देईल."

चौदा टेक.
चौदाव्यात कवळी हलली,
एक सूर शिट्टी होऊन निसटला
आणि आम्ही दोघं हसलो. तेही रेकॉर्ड झालं.

पुढच्या आठ रात्री हेडफोन लावून कातरकाम.
तिसऱ्याची सुरुवात, नवव्यातली मींड,
अकराव्यातला वरचा सा, जो एकदाच लागला,
आणि सहाव्याचा शेवट.
सांध्यांवरून क्रॉसफेड फिरवला,
दम लागल्यासारखे वाटले ते श्वास काढले.
सूर ग्रिडवर ओढून बसवले, मग परत सोडले,
कारण रेघेवर उभे केल्यावर
ते शाळेच्या प्रार्थनेला आल्यासारखे दिसायला लागले.

आईला ऐकवलं. ती तुटला धागा गाठते
आणि गाठ कापडात कुठे गेली ते बोटानं सांगते.
डोळे मिटून म्हणाली, "हितं."
बरोबर होती.

तातोबा ऐकायला आले. शेवटपर्यंत ऐकलं.
"कोण वाजवतंय?"
तुम्हीच.
"मी? ह्येचा दम बघ की."
राग नव्हता. दुसऱ्याच्या बैलजोडीकडं
बाजारात बघावं तसं बघितलं त्यांनी स्पीकरकडं,
आणि मोबाइलमध्ये भरून घेऊन गेले.

महिन्याभरानं खानापूर रोडला वरातीत माझी स्कूटी अडकली.
पुढे तातोबा, लाल कोट, खांद्यावरची झालर उसवलेली.
वाजवत होते तोच सोलो.
तिसऱ्याची सुरुवात. नवव्यातली मींड.
मी हँडल घट्ट धरलं,
कारण पुढे ती जागा येत होती
जिथला श्वास माझ्या कचऱ्याच्या फोल्डरमध्ये पडून आहे.

त्यांनी क्लॅरिनेट खाली घेतलं,
ढोलवाल्याकडं नुसती मान हलवली.
ढोलानं दोन ठोके भरले. तेवढ्यात दम घेतला
आणि वरचा सा
लागला नाही पुरता. शेजारी लागला.
कुणीतरी दहाची नोट ओवाळली.

रात्री फाइल उघडली, त्या जागी कापलं,
दोन ठोक्यांएवढी मोकळी जागा केली.
ढोल कुठून आणू आता? माग चालू होते,
मायक्रोफोन भिंतीकडं वळवला.
खट् खट्. टेम्पो काही जुळेना.
तेवढ्यात आई दारात आली :
"तिसरा माग लंगडा चालतोय मघापासनं.
तुला आयकू येत न्हाई व्हय?"