फोड

तार्तूत पहाटे साडेपाचला नदीवर धुकं,
आठ वल्ही, आणि सुकाणूपाशी बसून
आकडे ओरडणारा एक किडकिडीत पोरगा.
कर्टूच्या उजव्या हाताला तिसरा फोड आलाय,
नेमका पेन टेकतो तिथे.

नऊला मृदाशास्त्र.
चिकणमाती पाणी धरून ठेवते, वाळू सोडून देते,
ती लिहून घेते; अर्धं वाक्य जांभईत जातं.
ट्युटोरियल सोमवारी होतं, की आजच?

गुरुवारी चारला वृद्धाश्रम.
ओले बूट दाराशी, नेलकटर खिशात.
लेइडाबाईंची नखं शिंपल्यासारखी जाड.
दोन बोटं झाली असतील नसतील,
बाईंनी तिचाच हात उलटा केला.
"फोडू नकोस हं.
चाळीस वर्षं गाईंच्या धारा काढल्यात मी, मला विचार."
उशीखालून मलमाची डबी निघाली;
झाकण उघडायला मात्र कर्टूच लागली.

मग खुर्चीतच तिचा डोळा लागला.
सहाचा व्यायाम गेला. निबंधाची मुदत
रात्री बाराची, पानं अजून कोरी.
बाईंनी उठवलं नाही.
उरलेली आठ नखं पुढच्या गुरुवारी, म्हणाल्या,
मी काय पळून जातेय?