तिसरं पिंप

आंतोफागास्तात, टेकडीवर, डांबर संपतं
तिथून आमचे पत्रे सुरू होतात.
माझ्या धाकट्यानं पाऊस पाहिलेला नाही.
पाणी मंगळवारी येतं, टँकरनं,
घरटी दोन निळी पिंपं.

खाली समुद्राकाठी काचेचे मनोरे.
अठराव्या मजल्यावरची काच मी पुसते.
मालकीणबाई म्हणतात, "रात्री किती छान लुकलुकतं तुमच्याकडे!"
त्यांच्या गच्चीवर तलाव आहे. कुणी पोहत नाही.
पाणी नुसतं निळं राहायच्या नोकरीला आहे.

तांबं रात्री आगगाडीनं बंदरात जातं,
आमच्या झोपेखालून.
एलादियो खाणीत कंत्राटी होता.
एक कागद आला, खाली एक सही.
कुणाची, ते आम्हाला लागलंच नाही.

त्याच महिन्यात योर्लेनी शेजारी आली, कोलंबियाहून.
दोन पोरं, शिवणयंत्र,
तळलेल्या केळ्यांचा वास.
मी तिला खिळे दिले. पत्रा धरायला नवरा दिला.
वर्षभरानं तोच नवरा म्हणायला लागला,
"ह्यांच्यामुळंच."
ह्यांच्यामुळं काय, ते तो पुरं करत नसे.
बसथांब्यावर, दवाखान्याच्या रांगेत, पाववाल्याकडे
ते वाक्य ज्यानं त्यानं आपापल्या परीनं पुरं करून घेतलं.
मीसुद्धा.

काल टँकर अर्धाच भरून आला.
माझं दुसरं पिंप भरायचं होतं
आणि योर्लेनी तिसऱ्याला नळी लावून उभी.
मी ओरडले. मला वाटलं नव्हतं
माझ्यात एवढा आवाज आहे.
"तुझ्या देशात जा, तिथं पी पाणी!"

तिनं नळी काढली नाही.
"हे तुझ्या सासूचं पिंप आहे, रोहेलिया.
म्हातारीला उतरवत नाही. दर मंगळवारी मीच भरते."

सासू वरच्या खोपट्यात राहते.
आमचं बोलणं नाही.
पाणी तिला कोण देतं, मला माहीत नव्हतं.
किंवा होतं.

आज काच पुसताना
मी तेच वाक्य पुन्हा म्हणून पाहिलं, हळूच,
तलावाकडे तोंड करून, "देशात जा" एवढं गाळून.
गाळल्यावर फारसं उरलं नाही.
काचेवर माझ्याच तोंडाची वाफ धरली.
ती पुसली. त्याचेच पैसे मिळतात.

घरी जाताना योर्लेनीचं दार उघडं होतं,
यंत्र चालू.
मी थांबले, मग चालू लागले.
मंगळवारला अजून सहा दिवस आहेत.