मागचं पीक

"यात माती किती?" मी विचारलं.
"माती नाहीच, मॅडम," मुनाफ म्हणाला.
"कोकोपीट चाळीस टक्के, गांडूळखत तीस,
बाकी शेणखत, निंबोळी पेंड, थोडा भाताचा कोंडा.
माती घातली की वजन वाढतं,
मग तुमचे सोसायटीवाले आमच्या नावानं बोंबलतात."

मुंढव्याची नर्सरी. शेडनेटखाली हिरवट उजेड,
पोत्यांची थप्पी, प्रत्येकावर तोच एक टोमॅटो,
इतका लाल, की कुणी खाल्लेला नसावा.

एकतीस वर्षं मी माती तपासली.
शिवाजीनगरला, शेतकी कॉलेजच्या मागच्या बाजूला,
ज्या खोलीत मे महिन्यातही पंखा लावायचा नसे,
नमुने उडतात म्हणून.
कापडी पिशव्या यायच्या, सुतळीनं आवळलेल्या,
आत चिठ्ठी: गाव, गट नंबर, मागचं पीक.
लाकडी मोगरीनं ढेकळं फोडायची
(लोखंडी नाही, लोहाचा आकडा फसतो),
कागदावर पसरून चार वाटे,
समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे,
उरलेल्याचे पुन्हा चार.
सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब.
लोकांच्या रानाबद्दल इतकं ठाऊक असलेली मी,
माझ्या नावावर साडेसहाशे चौरस फूट,
वडगावला, तिसऱ्या मजल्यावर, अधांतरी.

चिमूटभर मिश्रण थुंकी लावून
अंगठ्यानं बोटावर चोळलं, सवयीनं.
काळी माती असती तर दोन इंच फीत निघाली असती.
हे नुसतं भुसभुशीत, आज्ञाधारक.
वास मात्र बरा होता.
"दहा किलोचे दोनशे चाळीस. पाच घेतलीत तर…"
"दोन दे. आणि ओलं पोतं नको,
पाण्याचे पैसे देणार नाही मी."
मुनाफनं माझ्याकडे नीट पाहिलं
आणि मुकाट्यानं मागचं काढलं.

रिक्षावाला म्हणाला, मातीचं लगेज जादा पडेल.
मी म्हटलं, माती नाहीये ती.
लिफ्टपाशी हुद्दारांनी बोर्डाकडे बोट केलं:
माती, वाळू, विटा नेऊ नयेत.
मी म्हटलं, माती नाहीये ती.
पोतं वळवून छापलेलं दाखवलं.
ते चष्मा काढून, डोळ्यांशी नेऊन सगळं वाचत बसले,
तोवर लिफ्ट दोनदा वर जाऊन आली.

रात्री रंगाच्या बादल्यांना तापल्या सळईनं भोकं पाडली.
दोन भरल्या, आणि हात थांबला.
तेच वाक्य तिसऱ्यांदा ओठांवर आलं होतं,
या वेळी समोर कुणीच नव्हतं.

कपाटात, स्वेटरांच्या मागे, एक पिशवी आहे.
निवृत्तीच्या दिवशी पर्समध्ये टाकलेली. चोरीच म्हणा.
तिचा अहवाल दोनदा टपालातून परत आला होता,
पत्ता अपुरा.
चिठ्ठीवरची शाई ओलीनं फुटलेली,
गावाचं नुसतं शेपूट उरलेलं: …वाडी.
आता वाड्या काय कमी आहेत?
सामू आठ पूर्णांक एक, कर्ब कमी, अंगात चुनखडी.
आकडे अजून तोंडपाठ आहेत.
प्रत्येक बादलीत एकेक मूठ टाकली.

मेथी पेरली. सहाव्या दिवशी मेथी आली.
बाराव्या दिवशी न पेरलेलं काहीतरी,
लालसर देठाचं, मेथीच्या खांद्यावरून डोकावणारं.
तांदुळजा.
दोन मिलिमीटरच्या चाळणीतून त्याचं बी सहज जातं,
हे मला सुचायला हवं होतं.
नऊ वर्षं स्वेटरांच्या मागे,
डांबरगोळ्यांच्या वासात.

उपटलं नाही. भाजीपुरतंही नव्हतं म्हणा.
आइस्क्रीमची काडी धुतली, तिच्यावर लिहिलं:
गाव, पुढे जागा सोडली.
गट नंबर, पुढे जागा सोडली.
मागचं पीक, तांदुळजा.