पावतीवरची चौथी ओळ

काचेखाली एक फट आहे,
हात जाईल एवढी, राग जाईल एवढी.
तिच्यातून मी दिवसभर पावत्या सरकवते.

वेगाचा दंड, एकशे दहा डॉलर.
कोर्टाचा खर्च, बत्तीस.
टपाल, एक.
आणि चौथी ओळ:
मेंदूला इजा झालेल्यांसाठी अधिभार, दोन.

एकशे दहावरून कुणी भांडत नाही.
भांडतात ते या दोनवरून.
काल बियाणंवाला ड्वेन हॉफस्टेडर
बुटांवरचा बर्फ आपटत म्हणाला,
मी कुणाचं डोकं फोडलेलं नाही, बाई.
आणि माझं डोकं ठिकाणावर आहे.
मी म्हटलं, दिसतंय.
शिक्का मारला.

ठिकाण.
माझ्या भावाचं डोकं नऊ वर्षांपूर्वी
साखरबीटच्या वजनकाट्यापाशी, वळणावर राहिलं.
बाकीचा ऑरिन आम्ही घरी आणला.
ज्या पोरानं धडक दिली
त्याची पावती याच फटीतून गेली.
चौथी ओळ त्याच्याही पावतीवर होती.
तो भांडला नाही.
सुटे नव्हते, तर थांबून राहिला.

दोन-दोन करून साचतं म्हणे.
साचलं त्यातून एक व्हॅन आली, तिचा ड्रायव्हर,
चर्चच्या तळघरात दर गुरुवारी दोन तास,
आणि मार्गिट, जी ऑरिनला वही ठेवायला शिकवते.
निळी वही. गळ्यात दोरीनं पेन.
पान पहिलं:
शेगडी बंद कर.
इंगा तुझी बहीण. कोर्टात काम करते.
आई वारली. तिला फोन लावू नकोस.
हे तो रोज सकाळी वाचतो.
रोज सकाळी खुर्चीवर बसतो थोडा वेळ,
मग शेगडी बघायला उठतो.

यंदा लोक शहाण्यासारखे गाडी चालवतायत.
गावाच्या वेशीवर वेग दाखवणारे दिवे लागले,
आकडा लाल झाला की पाय आपोआप उचलला जातो.
चांगलंच आहे.
राजधानीहून पत्र आलं: निधी आटला आहे,
गुरुवार आता एकाआड एक.

मी खिडकीत बसून पार्किंगकडे बघते.
कुणीतरी यावं.
धडक नको, रक्त नको, मोकळा रस्ता असावा,
दोन्हीकडे बर्फ, पुढे कुणी नाही,
पंचावन्नच्या जागी अडुसष्ट, एवढंच.
हे कुठल्या देवाकडे मागायचं
ते मला ठाऊक नाही.

आज गुरुवार, पण गाळलेला.
साडेतीनला रांगेत ऑरिन.
टोपी काढून हातात धरलेली,
पुढच्या बाईला आपला नंबर देऊ केलेला.
खिडकीशी आला. फटीतून
दोन नोटा आत ढकलल्या, घड्या नीट सपाट करून.

हे कशाचे, ऑरिन?
आठवत नाही, म्हणाला.
पण काहीतरी केलं असेल ना मी.
नाहीतर गुरुवार बंद कशाला केला असता?

केस नंबर नसेल तर यंत्र पावती काढत नाही.
मी त्याची वही आत ओढली,
आजच्या पानावर लिहिलं:
ऑरिनकडे काहीही देणं बाकी नाही.
खाली सही केली. तारीख घातली.
नोटा वहीत ठेवून परत सरकवल्या.

त्यानं बोट ठेवून शब्द न् शब्द वाचला.
मागं रांग खोकत होती.
मग वही पुन्हा फटीतून आत आली.
शिक्का राहिला, म्हणाला.