उमेदवार क्रमांक चौदा

उणे एकोणीस. योएनसूहून निघालो तेव्हा
रस्त्यांवरचा बर्फ खरवडणारी माझी गाडीही झोपलेली.
मागच्या सीटवर विल्या, मांडीवर हॉर्न,
आणि माउथपीस माझ्या मुठीत.
गार पितळ ओठांना चावतं, ती म्हणते.
एवढंच काम मला जमतं. सुरांतलं मला
गाडीच्या भोंग्यापलीकडे काही कळत नाही.

कुओपिओत परीक्षकांपुढे पडदा. बूट बाहेर काढायचे,
पावलांवरून मुलगा की मुलगी कळू नये म्हणून.
हॉर्नच्या खुर्च्या दोन, मुलं एकतीस.
बाकावर एक आई ओठांत मात्रा मोजतेय,
एक बाप चौथ्यांदा सांगतोय, 'टेन्शन घेऊ नकोस.'
मी तिचे बूट धरून बसलो.
उजव्याची नाडी तुटून गाठ मारलेली.

मग दाराआडून ती. ओळखलीच,
चार महिने भिंतीतून ऐकलेली ती चढण.
आणि अगदी वरच्या टोकाला
सूर फुटला,
बर्फावरून पाय सटकावा तसा.
मी बुटांची तोंडं दाबून धरली.
मग पुढची ओळ, तिथूनच.

बाहेर आली. वाटभर जुळवलेलं वाक्य
माझ्या घशातच गोठलं.
ती बूट घालू लागली, नाडी पुन्हा तुटली,
आणि दोघंही हसलो, कारण नसताना.

गाडीत बसल्यावर तिनं माउथपीस
परत माझ्या हातात दिलं.
'आता कशाला?'
'असू दे गरम,' म्हणाली. 'घरी गेल्यावर
तो वरचा सूर बघायचाय एकदा.'